कॉलेजच्या पोरांनी मोजलेली गावं

१९१६ साली मद्रास विद्यापीठात अर्थशास्त्र शिकणारी काही मुलं सुट्टीला आपापल्या गावी निघाली, तेव्हा त्यांच्याबरोबर एक लांबलचक प्रश्नावली देण्यात आली. गावात घरं किती, कोणत्या जातीची किती, जमीन कोणाच्या नावावर आणि कसतो कोण, बैल किती, विहिरी किती, मजुराला रोज काय मिळतं आणि ते पैशात की धान्यात, कर्ज कोणाचं, व्याज काय. प्रश्नावली देणारे होते गिल्बर्ट स्लेटर. मद्रास विद्यापीठाने भारतीय अर्थशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांना इंग्लंडहून बोलावलं होतं आणि ते नुकतेच येऊन रुजू झाले होते. त्याआधी ते ऑक्सफर्डला रस्किन कॉलेजचे प्राचार्य होते. हे कॉलेज कामगारांना शिकता यावं म्हणून निघालेलं. इंग्लंडमधल्या गावकीच्या जमिनींना कुंपणं कशी पडली आणि तिथला लहान शेतकरी जमिनीवरून कसा उठला, यावर त्यांचं पुस्तकही प्रसिद्ध झालेलं होतं. गाव हा विषय त्यांच्या अंगवळणी पडलेला होता. अडचण होती ती भाषेची आणि गोऱ्या कातडीची.

गोरा साहेब वही घेऊन बांधावर उभा राहिला, तर शेतकरी काय सांगणार? सारा वाढणार, एवढंच त्याच्या मनात येणार. त्याच बांधावर शिकायला गेलेला गावचाच मुलगा सुट्टीत येऊन उभा राहिला, तर निदान निम्मं तरी खरं कानावर पडतं. स्लेटर यांनी हे ओळखलं आणि विद्यार्थ्यांनाच पाहणीदार केलं. मुलांनी आणलेल्या वृत्तान्तांतून १९१८ साली ‘सम साउथ इंडियन व्हिलेजेस’ हे पुस्तक निघालं. दक्षिण अर्काटमधलं इरुवेलपट्टू, तंजावर भागातलं पालकुरिची, तिरुनेलवेलीजवळचं गंगैकोंडान, कांचीपुरमजवळचं दूसी अशी गावं त्यात आहेत. आज कोणत्याही विद्यापीठात बी.ए.चा विद्यार्थी ‘मी माझ्याच गावाचा अभ्यास करू का?’ असं विचारतो, तेव्हा गाइड नाक मुरडतो. विषय फार छोटा आहे म्हणतो. त्या गाइडला हे पुस्तक दाखवावं.

मुलांच्या कामात खोट नव्हती असं नाही. त्या काळी कॉलेजपर्यंत पोचणारी मुलं बहुतेक जमीनवाल्या आणि वरच्या जातींच्या घरांतली. अग्रहारातलं, म्हणजे ब्राह्मण आळीतलं, किंवा पाटलाच्या वाड्यातलं त्यांना आतून ठाऊक, पण गावाबाहेरच्या चेरीत, म्हणजे दलित वस्तीत, ती किती वेळा गेली असतील? गेली तरी तिथला मजूर आपल्या मालकाच्या मुलाला मालकाकडच्या कर्जाविषयी काय सांगणार? हे वृत्तान्त वाचताना लिहिणारा कुठे उभा राहून लिहितो आहे, याचं भान ठेवावं लागतं. पण ही खोट प्राध्यापकांनी केलेल्या पाहणीतही राहिलीच असती, शिवाय भाषेची अडचण वेगळी.

या कामाची खरी किंमत वीस वर्षांनी कळली. १९३६-३७ मध्ये मद्रास विद्यापीठातल्याच पी. जे. थॉमस आणि के. सी. रामकृष्णन यांनी त्या गावांची फेरपाहणी करवून घेतली आणि १९४० साली तिचं पुस्तक काढलं. मधल्या काळात जागतिक मंदी येऊन गेली होती आणि शेतमालाचे भाव कोसळले होते. मंदीने गावाचं काय केलं, हे सांगायला आधीचा हिशेब हाताशी होता. पुढे १९६० च्या दशकात मार्गारेट हॅसवेल यांनी या गावांवर लिहिलं. १९८० च्या दशकात मद्रासच्या विकास अभ्यास संस्थेतल्या एस. गुहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुन्हा गावं गाठली. इरुवेलपट्टूला तर २००८ मध्येही जॉन हॅरिस, जे. जयरंजन आणि के. नागराज हे अभ्यासक जाऊन आले. अभ्यासकांच्या बोलण्यात या गावांना सरळ ‘स्लेटर गावं’ म्हणतात. भारतातल्या खेड्याचा शंभर वर्षांचा आर्थिक इतिहास एकाच ठिकाणी उभं राहून सांगता येईल, अशा जागा फार थोड्या आहेत. त्यांतल्या काहींची पहिली नोंद सुट्टीत घरी आलेल्या विद्यार्थ्यांनी केलेली आहे.

इरुवेलपट्टूचंच घ्या. १९१६ च्या नोंदीत दिसतो तो मोठ्या जमीनदाराचा गाव. शेतात राबणारा दलित मजूर मालकाकडून उचल घेऊन बांधला गेलेला, त्याला तिकडे ‘पडियाळ’ म्हणत. आपल्याकडचा सालगडी त्याच्या जवळपासचा. २००८ ची पाहणी झाली तोवर जमीनदारांचा गावावरचा वचक सरला होता, मजूर शेतीबाहेरच्या कामांकडे वळले होते आणि दलित वस्ती स्वतःचं राजकारण स्वतः करू लागली होती. जातींमधलं अंतर मात्र संपलेलं नव्हतं. हा सगळा बदल कुठल्याही तमिळ माणसाने ढोबळपणे सांगितला असता. किती, कधी आणि कोणत्या क्रमाने हे सांगायला मात्र जुनी वही लागते.

आणि ती वही पुढच्या माणसाला वाचता यायला हवी. तंजावरकडे जमीन वेलीत मोजतात. एक वेली म्हणजे साडेसहा एकरांहून थोडी अधिक. धान्य कलमात मोजतात. ‘मजुरी धान्यात मिळते’ एवढंच लिहून ठेवलं, तर वीस वर्षांनी येणारा हात चोळत बसणार. आपल्याकडची पायली तरी कुठे सगळीकडे सारखी होती? कोणतं माप, कोणाच्या घरचं, भरून दिलेलं की सपाट केलेलं, हे लिहिलं तरच आकडा टिकतो. विद्यार्थ्यांच्या अहवालात हीच ओळ हमखास गाळलेली असते, कारण गावातल्या मुलाला ती सांगण्याजोगी वाटतच नाही. त्याला माहीत असतं, मग सगळ्या जगाला माहीत असणार असं तो धरून चालतो.

दुसरी गोष्ट एका मुलाच्या प्रश्नाची.

रोनाल्ड कोस १९२९ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये बी.कॉम.ला आला. घरची माणसं साधी, वडील पोस्टात तारखात्यात. अर्थशास्त्राचा असा रीतसर अभ्यासक्रम त्याने जवळजवळ केलाच नव्हता, हे पुढे तो स्वतःच सांगत असे. शेवटच्या परीक्षेच्या काही महिने आधी तो अर्नोल्ड प्लांट या प्राध्यापकांच्या चर्चावर्गात बसायला लागला. प्लांट सांगत, अर्थव्यवस्थेला वरून चालवणारा कोणी लागत नाही, किमतीच सगळ्यांचा मेळ घालतात. मुलाला ते पटलं आणि तिथेच एक शंका आली. किमतीच सगळा मेळ घालत असतील, तर कारखान्यात मॅनेजर कशाला? कारखान्याच्या फाटकाच्या आत हे खातं त्या खात्याशी घासाघीस करत नाही. साहेब सांगतो, माणूस उठून दुसऱ्या खात्यात जातो. त्याच सुमारास रशियात लेनिनच्या वारसांनी सगळा देश एका कारखान्यासारखा चालवायला घेतला होता आणि पश्चिमेकडचे अर्थतज्ज्ञ म्हणत होते की हे जमायचं नाही. पण पश्चिमेकडेही अवाढव्य कारखाने चालत होतेच की! मग एक कारखाना किती मोठा होऊ शकतो, हे ठरतं कशावर?

१९३१ मध्ये परीक्षा पार पडली, पण पदवीसाठी विद्यापीठात काढायचं एक वर्ष शिल्लक होतं. कोसला प्रवासाची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते वर्ष त्याने अमेरिकेत घालवलं. तिकडे मंदी ऐन भरात होती. हा विशीतला इंग्रज पोरगा फोर्ड, जनरल मोटर्स अशा कंपन्यांत जाऊन माणसांना विचारत सुटला: हा भाग तुम्ही स्वतः बनवता की बाहेरून घेता? बाहेरून घेता तर का? स्वतः बनवायला कधी लागलात? शिकागोला जाऊन त्याने वर्गातली व्याख्यानंही ऐकली, पण त्याचं खरं वाचन कारखान्यांतच झालं. उत्तर हाती लागलं ते साधं होतं. बाजारात व्यवहार करायलाही खर्च येतो. माल कोणाकडे आहे ते शोधा, भाव ठरवा, करार करा, करार पाळला जातोय का ते पाहा. हा खर्च आतल्या कारभाराच्या खर्चापेक्षा जास्त झाला की माणसं ते काम फाटकाच्या आत घेतात, आणि कमी झाला की बाहेर देतात. १९३२ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, स्कॉटलंडमधल्या डंडी इथे शिकवायला लागल्यावर त्याने हे वर्गात मांडलं. ‘द नेचर ऑफ द फर्म’ हा लेख छापून आला १९३७ मध्ये. १९९१ साली कोसना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते ज्या कामांसाठी, त्यांत हा लेख होता. तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

या गोष्टीतून ‘तरुणपणी सगळे प्रतिभावान असतात’ असला काही अर्थ काढू नये. लक्षात घ्यायचं ते प्रश्नाचं माप. ‘अमेरिकन उद्योगांचा विकास: एक चिकित्सक अभ्यास’ असा विषय घेऊन कोस गेला असता, तर कोणत्याही ग्रंथालयात सापडेल अशी जाडजूड फाइल घेऊन परतला असता. त्याने खरेदी खात्याच्या माणसाला उत्तर देता येईल असा प्रश्न विचारला.

हाच प्रश्न महाराष्ट्रात विचारायचा तर साखर कारखान्याच्या दारात विचारावा. कारखाना केमिस्ट, इंजिनिअर, चिटबॉय हे सगळे पगारी ठेवतो. ऊस तोडणारा माणूस मात्र पगारी नसतो. मध्ये ठेकेदार असतो, मुकादम असतो, हंगामाआधी दिलेली उचल असते आणि ती हंगामभर तोडून फेडायची असते. ज्याच्याशिवाय गाळपाचा एक दिवस निघत नाही, तो माणूस फाटकाबाहेर का? काम चार-पाच महिन्यांचं असतं म्हणून? फडावर देखरेख ठेवणं कारखान्याला परवडत नाही म्हणून? की उचल बुडाली तर तो फटका मुकादमाच्या अंगावर पडावा म्हणून? पुस्तकं वाचून याचा अंदाज बांधता येतो. पण बीडच्या एखाद्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला असलेली मुलगी, जिच्या घरचे दरवर्षी तोडीला जातात, तिला हे विचारायला कोणाची ओळख काढावी लागत नाही. किती उचल घेतली, हंगामाअखेर किती फिटली, उरलेली पुढच्या वर्षावर कशी गेली, हे ती चुलत्याला, मामाला, शेजाऱ्याला विचारू शकते. आणि मोजताना एक गोष्ट तिच्या सहज लक्षात येईल, जी शहरातून आलेल्याच्या येणार नाही. मुकादमाच्या हिशेबात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाहेरच्या पाहणीदाराने कोयत्यापुढे एक कामगार धरला, तर निम्मे कामगार कागदावरून गायब होतात, आणि जे होतात त्या सगळ्या बायका असतात.

मोजणं एकाचं आणि अर्थ लावणं दुसऱ्याचं, असंही होतं. स्लेटर मद्रासेत मुलांना गावी धाडत होते त्याच सुमारास पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आपल्या सहकाऱ्यांना घेऊन पवनेकाठच्या पिंपळे सौदागर या गावाची जमीन मोजत होते. १९१७ साली त्यांचं पुस्तक आलं. गावात १७७१ मध्ये सरासरी धारणा ४० एकरांची होती, १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. जमिनीचे ७२९ तुकडे, त्यांतले ४६३ एका एकराच्या आतले आणि ११२ तर पाव एकराच्याही आतले. हे आकडे पुढे भारतभरच्या पाठ्यपुस्तकांत गेले. जमीन लहान, म्हणून शेतकरी गरीब, तेव्हा तुकडे जोडा, असा त्यांचा अर्थ लावला जाऊ लागला.

शिष्यवृत्ती संपल्यामुळे लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून परतलेल्या एका विद्यार्थ्याने १९१८ मध्ये या विषयावर दीर्घ लेख लिहिला. विद्यार्थ्याचं नाव भीमराव रामजी आंबेडकर. मान यांच्या पाहणीचा दाखला लेखात आहे, पण निष्कर्ष उलटा. जमीन लहान की मोठी हे एकरांवर ठरत नाही, असं आंबेडकर म्हणतात. ती कसायला बैल किती, औजारं किती, भांडवल किती आणि माणसं किती, यांच्या मेळावर ते ठरतं. भांडवल तुटपुंजं असेल तर हातात असलेली जमीनही शेतकऱ्याला जास्तच होते. आणि शेतीवर रिकाम्या हातांचा भार एवढा असताना नुसते तुकडे जोडून काय होणार? उपाय त्यांनी सांगितला तो औद्योगिकीकरणाचा, म्हणजे जादा माणसांना शेतीबाहेर काम. आंबेडकर तेव्हा पदवीच्या वर्गात नव्हते हे खरं, कोलंबियाची एम.ए. त्यांच्या पाठीशी होती. तरी पदवीच्या वर्गाने गिरवावा असा हा धडा आहे: स्वतः काही न मोजता, दुसऱ्याच्या आकड्यांना योग्य प्रश्न विचारूनही मोठं काम होतं. पिंपळे सौदागरला आता जमिनीचे तुकडे गुंठ्यांतही नाही, फ्लॅटच्या चौरस फुटांत मोजतात आणि तिथले लोक हिंजवडीला कामाला जातात. फेरपाहणीला यापेक्षा सोयीचं गाव पुण्यातल्या विद्यार्थ्याला कुठे मिळणार?

दुसऱ्याचे आकडे तपासण्याचं आणखी एक उदाहरण अलीकडचं आहे. देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपुढे गेलं की वाढीचा दर कोसळतो, असं कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थतज्ज्ञांनी २०१० साली मांडलं. युरोप-अमेरिकेतल्या खर्चकपातीच्या वादात हा निष्कर्ष सर्रास पुढे केला जाई. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला वर्गात गृहपाठ होता: एखादा प्रसिद्ध शोधनिबंध घ्या आणि त्याचे आकडे पुन्हा काढून दाखवा. त्याने हा निबंध घेतला, आणि आकडे काही जुळेनात. मूळ एक्सेलची फाइल मागवून पाहिली तर सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी सूत्रातून सुटलेल्या. इतर काही आक्षेपही निघाले. २०१३ मध्ये त्याने आपल्या दोन प्राध्यापकांसह दुरुस्त हिशेब प्रसिद्ध केला, तेव्हा ९० टक्क्यांपुढच्या कर्जाला उणे ०.१ टक्क्याच्या जागी वाढीचा दर २.२ टक्के आला. फाइलमधली चूक मूळ लेखकांनी मान्य केली, निष्कर्षाबद्दलचा वाद पुढे चालू राहिला. हर्नडन पीएच.डी.चा विद्यार्थी होता. पण सूत्रातून सुटलेल्या पाच ओळी शोधायला पीएच.डी. लागत नाही, त्यासाठी स्वतः बेरीज करून पाहायची सवय लागते.

आता आपल्या कॉलेजांकडे वळू. नव्या शैक्षणिक धोरणाने चौथ्या वर्षाला ‘संशोधनासह ऑनर्स’ची सोय केली आहे, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील त्यांच्यासाठी. महाराष्ट्रात त्याआधीच्या वर्षांतही फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी, म्हणजे ‘ऑन जॉब ट्रेनिंग’, आले आहेत. कागदावर झकास. प्रत्यक्षात मुंबईकडच्या मुलांच्या तोंडी संशोधनाला शब्द आहे ‘ब्लॅकबुक’, म्हणजे काळ्या बांधणीची ती प्रोजेक्टची प्रत. बांधणी आधी ठरते, मजकूर नंतर. विषयही ठरलेले: महिला सक्षमीकरणात बचत गटांची भूमिका, विशेष संदर्भ अमुक तालुका. वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गूगल फॉर्म फिरतो आणि पन्नास मैत्रिणी तो भरतात. शून्य गृहीतक मांडलं जातं ते नाकारण्यासाठीच, मग रंगीत पाय-चार्ट, आणि निष्कर्ष असा की बचत गटांमुळे सक्षमीकरण झालेलं आहे. व्हायवात परीक्षक विचारतात, ‘सॅम्पल किती?’ उत्तर येतं, ‘पन्नास, सर.’ पन्नासच का आणि हीच पन्नास का, हे कोणी विचारत नाही.

यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. एका गाइडकडे ढीगभर मुलं असतात आणि त्याला वर्गही घ्यायचे असतात. पण विषय थोडा बदलला तरी खूप फरक पडतो. ‘सक्षमीकरण’ विचारू नका. गटातून उचललेले पैसे गेल्या वेळी कशावर खर्च झाले, ते विचारा. दवाखाना, फी, नवऱ्याचा ट्रॅक्टरचा हप्ता, की शिलाई मशीन? कर्ज फेडायला दुसरीकडून कर्ज काढलं का? ‘महिन्याचं उत्पन्न किती?’ याला शेतकरी ‘काय उरतंय साहेब!’ म्हणतो आणि तुम्ही फॉर्मवर काहीतरी आकडा घालता. त्याऐवजी या हंगामात कांदा किती गोणी निघाला, कोणत्या बाजार समितीत गेला, पट्टीवर भाव काय लागला, हमाली-तोलाई किती कापली, हे विचारा. पट्टी घरात असते. ती दाखवा म्हणा.

ज्यांना दारोदार फिरणं जमत नाही, त्यांनाही आता सबब उरलेली नाही. केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाच्या पाहण्या, रोजगाराची नियतकालिक श्रमबल पाहणी असो की २०२२-२३ ची घरगुती खर्चाची पाहणी, त्यांच्या घरागणिक नोंदी संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात. एक धोका तेवढा आहे. या नोंदींत प्रत्येक घराला एक वजन दिलेलं असतं, म्हणजे हे एक घर प्रत्यक्षातल्या किती घरांच्या वतीने बोलतं ते. ते वजन न धरता सरासरी काढली, तर महाराष्ट्राच्या नावाखाली भलताच प्रदेश तयार होतो. पहिल्यांदा काम करणाऱ्याने सरकारी अहवालात छापलेला एक आकडा आधी स्वतः काढून पाहावा. तो जुळला तरच पुढे जावं.

तुम्ही विद्यार्थी असाल आणि या वर्षी प्रोजेक्ट करणार असाल, तर एवढं करा. भरलेले फॉर्म परीक्षेनंतर रद्दीत घालू नका. माणसांची नावं झाकून नोंदी ठेवा. कोऱ्या प्रश्नावलीची प्रत जोडा, गाव, तारीख आणि मापांचा खुलासा लिहा, कोणत्या घरांनी उत्तर द्यायला नकार दिला तेही लिहा. एक प्रत कॉलेजच्या ग्रंथालयात द्या आणि एक त्या गावच्या ग्रामपंचायतीत, पोच घेऊन. वीस वर्षांनी कोणी फेरपाहणीला आलंच, तर त्याला ती तिथे सापडली पाहिजे.